ध्वज चढवावा कसा व उतरवावा कसा

येवले हे वस्त्र ओळखणाऱ्यांचे गाव आहे. येथील कित्येक घरांतून मूल लहानाचे मोठे होते ते हातमागाचा आवाज ऐकतच, आणि पैठणीचा पदर बोटांत धरताच जर कोणत्या प्रतीची आहे हे सांगणाऱ्या आजीबाई आपल्या गल्लोगल्ली आढळतात. पैठणी विकत घेण्यास पैसा लागतो. ती राखण्यास समज लागते. मऊ सुती फडक्यात ती गुंडाळावी, ओल्या भिंतीजवळ ठेवू नये, आणि अधूनमधून घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालावी, म्हणजे एकाच जागी जर तुटत नाही, ह्या गोष्टी सासूकडून सुनेकडे न सांगता जातात. अशा गावात एका वस्त्राचा मान कसा राखावा ह्याविषयी लेख लिहिण्याचे आम्हांस काय प्रयोजन, असे कोणी विचारील.

प्रयोजन आहे. सन २०२२ च्या ऑगस्टात स्वातंत्र्यास पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, त्या वेळी ता. १३ पासून १५ पर्यंत घरोघरी तिरंगा लावावा अशी हाक सरकारने दिली. लोकांनी ती आनंदाने ऐकली. गच्चीवर, खिडकीस, दुकानाच्या फळीस, जेथे जागा मिळाली तेथे ध्वज लागले. आणि तेव्हापासून दर वर्षी ते लागत असतात. परंतु ता. १६ उजाडली की काय होते? काही घरी ध्वज उतरवून ठेवतात. कित्येक घरी तो तसाच राहतो. गणपती येतात आणि जातात, दसरा होतो, दिवाळीचे आकाशकंदील त्याच काठीशेजारी लागतात. तोवर केशरी रंगाचा फिक्कट पिवळा झालेला असतो आणि कडेचे धागे सुटून वाऱ्यावर हालत असतात. लावणाऱ्याच्या मनात अनादर नसतो, हे आम्ही जाणतो. ध्वज चढवावा कसा हे त्यास कोणीतरी सांगितले. उतरवावा केव्हा व कसा, हे कोणी सांगितलेच नाही. ह्या लेखात आम्ही दोन्ही सांगणार आहोत, आणि दुसऱ्याविषयी अधिक सांगणार आहोत.

प्रथम, हे वस्त्र आले कोठून ते थोडक्यात पाहू. ता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला. तत्पूर्वी महिनाभर आधी, ध्वज कसा असावा हे ठरविण्यासाठी राजेंद्रबाबूंच्या अध्यक्षतेखाली एक लहानशी समिती नेमली होती. तीत मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुनशी ह्यांच्याबरोबर डॉ. भीमराव आंबेडकर हेही होते. येवल्याच्या मुलांनी हे नाव विशेषेकरून ध्यानात ठेवावे. ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या ह्याच गावी भरलेल्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली; ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून सर्वांस ठाऊक आहे. ज्यांस गावच्या पाणवठ्यास हात लावू दिला जात नसे त्या समाजातील हे गृहस्थ, त्या घोषणेस बारा वर्षे होण्याच्या आतच, सर्व देशाचा ध्वज ठरविणाऱ्या मूठभर माणसांत बसले होते.

काँग्रेसने १९३१ साली स्वीकारलेल्या ध्वजावर चरखा होता. त्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र घ्यावे असे ठरले. तिरंग्याची कल्पना प्रथम बेझवाड्यास १९२१ साली पिंगळी वेंकय्या ह्यांनी गांधीजींपुढे मांडलेल्या नमुन्यावरून वाढत आली होती. संविधान सभेत ठराव मांडताना पंडित नेहरूंनी नुसते शब्द मांडले नाहीत. दोन प्रत्यक्ष ध्वज सभेपुढे ठेवले. त्यांतील एक रेशमी खादीचा होता व दुसरा सुती खादीचा. रेशीम आणि सूत ह्या दोहोंवर ज्या गावाचे पोट चालते त्या गावास ही गोष्ट गोड लागेल म्हणून सांगितली. पुढे ता. १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सभेत हंसाबेन मेहता ह्यांनी भारतीय स्त्रियांच्या वतीने ध्वज सभेस अर्पण केला.

आता ध्वजाचे माप. लांबी आणि उंची ह्यांचे प्रमाण ३ : २ असावे, हे बहुतेक मुलांस पाठ असते. तीन पट्टे समान उंचीचे. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. चक्र गडद निळ्या रंगाचे, चोवीस आऱ्यांचे, आणि ते ध्वजाच्या दोन्ही अंगांस दिसले पाहिजे. येथवर कोणी चुकत नाही. पण चित्रकलेच्या तासाला वह्या पाहिल्या तर दोन चुका हटकून दिसतात. पहिली, आऱ्यांची संख्या. सोळा, अठरा, वीस, जितक्या बसल्या तितक्या. दुसरी, चक्र फार लहान काढलेले असते. जणू पांढऱ्या पट्ट्यावर एक निळे बटण शिवले आहे! सरकारी प्रमाणानुसार ९०० मि.मी. लांब व ६०० मि.मी. उंच अशा ध्वजावर चक्राचा व्यास १८५ मि.मी. असतो. पट्टा २०० मि.मी. उंच. म्हणजे वर व खाली मिळून अवघी १५ मि.मी. जागा मोकळी राहते. चक्र पांढरा पट्टा जवळजवळ भरून टाकते.

हे स्वतः करून पाहावे. वहीत १८ सें.मी. लांब व १२ सें.मी. उंच असा आयत काढा. चार-चार सेंटिमीटरांचे तीन पट्टे पाडा. मधल्या पट्ट्याच्या मध्यबिंदूवर ३.७ सें.मी. व्यासाचे वर्तुळ काढा. आता चोवीस आऱ्या. वर्तुळाचे अंश ३६०. त्यास २४ ने भागले की १५ येतात, तेव्हा कोनमापकाने १५–१५ अंशांवर खुणा करीत गेले की झाले. ज्याचा कोनमापक हरवला असेल त्याने कंपासाने करावे. त्रिज्येइतके अंतर घेऊन परिघावर सहा खुणा होतात. प्रत्येक भाग दुभागला की बारा, आणि पुन्हा दुभागला की चोवीस. भूमितीतील कोन दुभागण्याची रचना परीक्षेपलीकडे कोठे उपयोगी पडते असे विचारणाऱ्यांस हे एक उत्तर आहे.

शासनाने ध्वजाची नऊ मापे ठरविली आहेत. सर्वांत मोठे ६३०० × ४२०० मि.मी.चे, सर्वांत लहान १५० × १०० मि.मी.चे. हे शेवटचे टेबलावर ठेवण्यासाठी. त्याहून थोडे मोठे, २२५ × १५० मि.मी.चे, मोटारीसाठी, आणि मोटारीवर ध्वज लावण्याचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश अशा नेमून दिलेल्या पदाधिकाऱ्यांसच आहे. आपल्या काकांच्या नव्या गाडीच्या टपावर वा पुढच्या झाकणावर ध्वज पसरून फिरावयाचे असेल तर तो मान नव्हे. नियमाने ते स्पष्ट वर्ज्य आहे.

कापडाविषयी पूर्वी नियम कडक होता. ध्वज हातकताईच्या व हातविणीच्या कापडाचाच असावा लागे. ता. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल झाला, आणि यंत्रावर विणलेले व पॉलिस्टरचे ध्वजही चालू लागले. त्यामुळे ध्वज स्वस्त झाला व घरोघर पोहोचला, हे खरे. तरी आमचे मत असे की, शाळेच्या स्तंभावर खादीचाच असावा. आपल्या राज्यात नांदेडच्या खादी समितीत असे ध्वज तयार होतात, शेजारच्या कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरी येथे होतात. हातमागावरच्या पोटाला हात देणारी एक खरेदी वर्षातून शाळेने केली तर येवल्याच्या शाळेस ते शोभेल. घरी मात्र ज्याच्या खिशास जो परवडेल तो ध्वज लावावा. गरिबाच्या पॉलिस्टरच्या ध्वजाकडे नाक मुरडण्याचा अधिकार कोणास नाही.

घरावर ध्वज लावण्याचा हा अधिकारही आपोआप मिळालेला नाही. पूर्वी सामान्य नागरिकास ठराविक दिवशीच तो लावता येत असे. नवीन जिंदल नावाच्या एका कारखानदारांनी तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, म्हणजे आजच्या छत्तीसगडातील, रायगड येथील आपल्या कारखान्यावर रोज ध्वज लावला. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. ते न्यायालयात गेले. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने १९९५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ता. २३ जानेवारी २००४ रोजी असे ठरविले की, मानाने ध्वज फडकविणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क आहे. त्याच सुमारास, ता. २६ जानेवारी २००२ पासून, नवी ध्वजसंहिता अमलात आली. 'मानाने' हा शब्द त्या हक्काच्या पोटातच आहे. तो वगळून हक्क उरत नाही.

संहितेतील एका वाक्याकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ध्वज झपाट्याने चढवावा आणि सावकाश, गांभीर्याने उतरवावा, असे तेथे सांगितले आहे. आपली रीत नेमकी उलट आहे. चढविताना पाहुण्यांची वाट, माईकची खरखर, दोरीची ओढाताण, ह्यांत पाच मिनिटे जातात. आणि सायंकाळी शिपाईदादा एकटेच येऊन, मागे कोणी नसता, दोन हिसड्यांत ध्वज खाली घेऊन काखेत मारून नेतात. त्यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी सकाळी चारशे मुले उभी केली त्यांनी संध्याकाळी चारही उभी केली नाहीत.

चढविण्याची तयारी आदल्या दिवशी करावी. कप्पी फिरते की नाही पाहावे. पावसाळ्यात ती गंजून बसते. दोरी जुनी असेल तर बदलावी. ध्वजाच्या कडेस जाड कापडाची नळी शिवलेली असते, तीतून दोरी जाते. तिच्या एका टोकास लाकडी खुंटी व दुसऱ्यास फास असतो. केशरी बाजू वर आहे ना, हे दोघांनी पाहावे. एकाने पाहणे पुरत नाही. स्तंभाच्या टोकाशी नेऊन मग उलगडावयाचा असेल तर ध्वजाची गुंडाळी करून ती सुरगाठीने बांधावी, निरगाठीने बांधू नये. सुरगाठ एका ओढीत सुटते, निरगाठ ओढावी तशी आवळते, हे संक्रांतीस तीन-तीन दिवस पतंग उडविणाऱ्या आणि आसारीवर मांजा गुंडाळणाऱ्या येवल्याच्या पोरांस आम्ही शिकवावे असे नाही. गुंडाळीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास नियमाची परवानगी आहे. मात्र स्तंभास वा ध्वजास हार घालणे, टोकावर फुलांचा तुरा बांधणे, हे चालत नाही. नारळ-उदबत्ती घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींस हे नम्रपणे सांगावे.

शाळेतील संचलनाची रचना संहितेत दिलेली आहे, आणि ती सोपी आहे. चौकोनाच्या तीन बाजूंस मुले, चौथ्या बाजूच्या मध्यभागी स्तंभ. मुख्याध्यापक, विद्यार्थी-नायक आणि दुसरे कोणी ध्वज फडकविणार असल्यास ते, असे स्तंभाच्या तीन पावले मागे उभे राहतात. वर्गांची मांडणी वडीलपणाने. सर्वांत वरचा वर्ग उजव्या टोकास. दोन रांगांत निदान एका पावलाचे अंतर. प्रत्येक वर्गाचा नायक शाळेच्या नायकास आपला वर्ग सिद्ध असल्याची वर्दी देतो, शाळेचा नायक मुख्याध्यापकांस देतो, आणि मगच ध्वज फडकतो. त्यापूर्वी 'सावधान', ध्वज उलगडताच वंदन, मग राष्ट्रगीत. राष्ट्रगीत पूर्ण म्हणावयास सुमारे ५२ सेकंद लागतात. एवढा वेळ मान न हालविता उभे राहणे पहिलीच्या मुलास जमते. पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसलेल्यांस का जमू नये, हे आम्हांस कळत नाही. गणवेशातील मंडळी वंदन करतात. इतरांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहणे हाच त्यांचा मान.

उजवे-डावे ह्याविषयी फार गोंधळ होतो. सोपी खूण अशी: ध्वज हा तुमच्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस समजा. त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे येतो. व्यासपीठावर ध्वज ठेवावयाचा तर वक्त्याच्या उजव्या हातास, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे. भिंतीवर उभा लावावयाचा तर केशरी पट्टा ध्वजाच्या उजव्या अंगास, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या अंगास. मिरवणुकीत ध्वज रांगेच्या उजव्या बाजूस किंवा एकटा मध्यभागी पुढे. दुसरा कोणताही झेंडा, मग तो मंडळाचा असो, पक्षाचा असो की पंथाचा, त्याच्याहून उंच वा त्याच्या बरोबरीने नसावा, आणि एकाच काठीवर तर मुळीच नसावा. कोणाही माणसापुढे, तो कितीही मोठा असो, ध्वज वाकवीत नाहीत. टेबलावरील आच्छादन, कमानीची झालर, छातीवरचा फुलोरा, गाडीचा पडदा म्हणून त्याचा उपयोग करीत नाहीत. त्यावर काही लिहीत नाहीत. वाढदिवसाच्या शुभेच्छा तर नाहीच नाही. कमरेखालील वस्त्रावर, उशीवर, हातरुमालावर तो छापणे १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या कायद्याने गुन्हा ठरतो; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

पतंगाचे नाव संहितेत नाही. परंतु संहिता म्हणते की ध्वज जमिनीस लागू नये, पाण्यात ओढला जाऊ नये. आणि पतंगाचे भाग्य काय असते हे आपल्या गावाइतके कोणास ठाऊक? जो चढतो तो कटतो. जो कटतो तो गटारात, विजेच्या तारेवर किंवा बाभळीवर जातो. तेव्हा चक्रासह हुबेहूब ध्वज छापलेला पतंग भोगीस वा करीस उडवू नये, असे आमचे सांगणे आहे. केशरी पतंग उडवा, हिरवा उडवा, दोन्ही उडवा.

कोणी म्हणेल, एवढा बारकावा कशासाठी? कापड ते कापड. त्यास उत्तर म्हणून आम्ही नियम सांगणार नाही. आपल्या खानदेशातील एक गोष्ट सांगतो. ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी हाती तिरंगा घेऊन फेरी काढली. पोलिसांनी ती अडविली, ध्वज खाली ठेवण्यास सांगितले. मुलांनी ठेवला नाही. गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच मुले त्यात गेली. शिरीषकुमार डिसेंबर १९२६ मधला. म्हणजे वयाची सोळा वर्षेही पुरी झालेली नव्हती. आमच्या दहावीच्या वर्गातील मुलांचे जे वय तेच. त्याहून एकोणीस वर्षे आधी, १९२३ साली नागपुरास मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्स भागातून ध्वज नेण्यास बंदी होती. जमनालाल बजाज, विनोबा आणि देशातून आलेले शेकडो लोक एवढ्याचसाठी तुरुंगात गेले की तो रस्ता ध्वजासह चालता यावा. जमनालालजी पकडले गेल्यावर वल्लभभाईंनी धुरा घेतली, आणि ता. १८ ऑगस्ट रोजी ध्वज त्या रस्त्याने गेला. जो खाली ठेवू नये म्हणून नंदुरबारच्या पोरांनी गोळी सोसली, तो आपण ता. १६ ऑगस्टला रस्त्यात पडलेला पाहून पुढे जातो.

म्हणून उतरविण्याकडे वळू. पूर्वी ध्वज सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच ठेवीत. जुलै २०२२ मधील बदलाने उघड्यावरील व नागरिकाच्या घरावरील ध्वज दिवसरात्र ठेवण्यास परवानगी मिळाली. ह्याचा अर्थ तो विसरावा असा नव्हे. फाटका, मळका, विटलेला ध्वज लावू नये हा नियम जसाच्या तसा आहे, आणि तो दिवसा लागू आहे तसा रात्रीही. ज्यास रोज पाहणे जमत नाही त्याने ता. १५ च्या सायंकाळीच उतरवावा, हे उत्तम.

उतरविताना दोघे असावेत. एकाने दोरी सावकाश सोडावी, दुसऱ्याने दोन्ही हातांवर ध्वज झेलावा, जमिनीस लागू देऊ नये. घडी अशी: ध्वज आडवा धरावा, केशरी व हिरवा हे दोन्ही पट्टे पांढऱ्याच्या खाली दुमडावे, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा दुमडावा की वर चक्र दिसेल व केशरी-हिरव्याची कड दिसेल. ही घडी तळहातांवर वा दोन्ही बाहूंवर घेऊन न्यावी. ध्वज ओला असेल तर प्रथम सावलीत वाळवावा. ओल्या घडीस बुरशी येते, हे पैठणीवाल्या घरांस सांगावयास नको. मग सुती फडक्यात गुंडाळून कपाटात, वह्या-पुस्तकांखाली दडपून नव्हे.

अर्ध्यावर ध्वज ठेवण्याचाही एक विधी आहे. ता. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर वारल्या, तेव्हा दोन दिवस देशभर ध्वज अर्ध्यावर होते. तो थेट अर्ध्यावर नेऊन थांबवीत नाहीत. प्रथम टोकापर्यंत चढवून मग अर्ध्यावर आणतात. सायंकाळी उतरविण्यापूर्वी पुन्हा टोकापर्यंत नेतात आणि मग खाली घेतात. हे सरकारच्या आज्ञेवरून होते. आपल्या मनाने करावयाचे नसते. आणि दुखवट्याचा दिवस जर १५ ऑगस्टला वा २६ जानेवारीला आला, तर ज्या इमारतीत पार्थिव असेल तेवढी वगळून इतरत्र ध्वज पूर्ण उंचीवरच राहतो.

राहिली फाटक्या ध्वजाची गोष्ट. येथे मुले एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे: ध्वज जाळणे गुन्हा, आणि जुना ध्वज जाळावा असेही नियमच सांगतो, हे कसे? उत्तर असे की, सार्वजनिक जागी अपमानासाठी जाळणे निराळे आणि निरुपयोगी झालेला ध्वज एकांतात, तुकडे न करता, संपूर्ण, आदराने अग्नीस देणे निराळे. अग्नी एकच, देवघरातील समईतही तोच असतो आणि वणव्यातही तोच असतो. संहितेने जाळणे किंवा ध्वजाच्या मानास साजेल असा अन्य मार्ग सांगितला आहे. खादीचा ध्वज स्वच्छ जळतो. पॉलिस्टरचा वितळतो, ठिबकतो, काळा धूर करतो. म्हणून तो मुलांनी घरी जाळू नये, वडील माणसांनीच काय ते करावे. कागदी ध्वज हातात धरून फडकविण्यास हरकत नाही. समारंभानंतर ते टाकू नयेत, गोळा करून एकांतात त्यांची विल्हेवाट लावावी. प्लास्टिकचे मात्र घेऊच नयेत. ते कुजत नाहीत. नाल्यात अडकून पुढल्या ऑगस्टापर्यंत तसेच दिसत राहतात.

आमची एक सूचना आहे, ती पालकांनी विचारात घ्यावी. ता. १६ ऑगस्ट व ता. २७ जानेवारी ह्या दोन दिवशी शाळेच्या कार्यालयाबाहेर झाकणाची एक लाकडी पेटी ठेवावी. मुलांनी आपल्या घरचे व आळीतले फाटके, विटलेले ध्वज आणि रस्त्यात सापडलेले कागदी ध्वज तीत आणून ठेवावे. गुंडाळून नव्हे, घडी घालून. कापडी व कागदी निरनिराळे. पेटी भरली की शाळेच्या मागील अंगणात शिक्षकांच्या देखत त्यांची योग्य ती व्यवस्था होईल. त्या वेळी वरच्या वर्गातील चार मुले व चार मुली हजर राहतील, आणि सावधान उभी राहतील. ध्वज आणताना आजीबाईंस विचारून एखादे जुने सुती फडकेही बरोबर आणावे. पेटीच्या तळाशी घालण्यास ते लागेल.